अर्धा शेंदूर

बाळाराम पाटलांना कुणी ‘शेठ’ म्हणून हाक मारली की ते मान वळवून मागे बघत. मागे कुणीच नसे. मग म्हणत, "शेठ कोन? शेठ लोक तिकरं शीळफाट्याला ऱ्हातात, टॉवरान. मना दादा बोला."

दादा स्वतः मूळचे तिकडचेच. शीळफाट्यापासून आत, खाडीच्या अंगाला त्यांचं गाव. गावाची पाटी अजून आहे, गावदेवीचं देऊळ आहे, पण शेत म्हणून औषधालासुद्धा उरलेलं नाही. जमिनी विकल्यावर गावातल्या लोकांनी गाड्या घेतल्या, बंगले बांधले, हळदी-हळदीला मांडव दणाणून सोडले. दादांनी वेगळंच काहीतरी केलं. कल्याणहून एसटीने दोन तासांवर, अभयारण्याच्या हद्दीला चिकटून एक खडकाळ तुकडा घेतला आणि त्यावर सहा खोल्यांचं कौलारू लॉज बांधलं. त्याला नाव दिलं ‘माहेर’. आम्हाला वाटलं, ठाण्या-मुंबईच्या बायकांना बोलावण्यासाठी काढलेली युक्ती आहे.

लॉज ज्या गावात आहे त्याचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही. लिहिलं तर येत्या रविवारी चार गाड्या तिथे जातील आणि माणसं माळावरच्या एका दगडाला टेकून फोटो काढतील. ते मला नको आहे.

मी डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगांच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढली. निवृत्त होताना घड्याळ मिळालं आणि नाक गेलं. गुलाब आणि गटार यांतला फरक मला डोळ्यांनी बघून कळे. डॉक्टर म्हणाले, अधूनमधून स्वच्छ हवेत जाऊन राहा. म्हणून मी आणि सुलभा, म्हणजे माझी बायको, शोधत शोधत ‘माहेर’ला पोचलो आणि मग सात-आठ वर्षं दर हिवाळ्यात, कधी उन्हाळ्यातही, जात राहिलो.

पहिल्याच दिवशी दादांनी वही पुढे केली. नाव, पत्ता, फोन आणि पुढचा रकाना ‘आईचं नाव’. मी म्हटलं, "आईचं कशाला? वडिलांचं लिहितात ना?"

"बापाचं सगलीकरं लिवतात," दादा म्हणाले. "इकरं आयसचं लिवायचं. लिवा."

मी लिहिलं. आई जाऊन वीस वर्षं झाली होती. तिचं पूर्ण नाव शेवटचं कधी लिहिलं होतं ते आठवेना. पुढे कितीतरी जणांना त्या रकान्यापाशी पेन थांबवून उभं राहिलेलं मी पाहिलं. आईचं माहेरचं नाव लिहू की सासरचं, असं एक टक्कल पडलेला बँकेतला साहेब दादांना विचारत होता. दादा म्हणाले, "तुमी जे हाक मारत व्हते ते लिवा."

या रकान्याचा उपयोगही ते भारी करत. एकदा ठाण्याची पाच-सहा पोरं आली. दुपारी चार वाजता त्यांनी अंगणात भलामोठा स्पीकर लावला. पलीकडे अभयारण्य. दादांचा नियम असा की जंगलाला ऐकू जाईल असं काही वाजवायचं नाही. ("बिबट्या माजा जुना गिऱ्हाईक हाय. रोज येतो. तुमी दोन दिवसांचे.") पण ते ओरडले नाहीत. एक खुर्ची घेऊन पोरांच्या मधोमध जाऊन बसले, मांडीवर वही उघडली आणि चष्मा लावून वाचू लागले. "निर्मलाबायचा पोरगा कोन? तू काय? बरं. शकुंतलाबायचा? तू. शकुंतलाबाय बऱ्या हायत ना रे? आज जरा त्यांचा आवाज ऐकव मना, फोन लाव." दोन मिनिटांत स्पीकर खोलीत गेला. ती पोरं रात्री जेवताना दादांच्या बायकोला, नमूवहिनींना, ताटं उचलू लागत होती.

पण दादांचं खरं रूप बघायचं तर पहाटे. लॉजच्या मागून एक पायवाट माळावर जाते. त्या माळावर पेशवाईत मराठ्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली होती, धुक्यातली. इतिहासाच्या पुस्तकात तिला दोन ओळी मिळतात. दादांना दीड तास लागे. उतरलेल्या प्रत्येक पाहुण्याने हा दीड तास उभ्याने ऐकायचा, ही त्यांची सक्ती होती. चढावर चपला काढायला लावत. मग अर्ध्या पँटीतला, पांढऱ्या सदऱ्यातला, पासष्टीचा हा माणूस एकटा दोन्ही फौजा होई. इंग्रज झाला की छाती काढून चाले, मराठा झाला की खडकाआड दबे. धुकं फाटतं ती जागा आली की दोन्ही हात फाकून उभा राही आणि हळूच म्हणे, "आनि मंग सगलं दिसला."

माळाच्या टोकाला, जांभळीखाली, तो दगड होता. कमरेइतका उंच, शेंदराने इतका माखलेला की आतला दगड कसा असेल याची कल्पनाच करावी लागे. गाव त्याला वीर म्हणे. दादांचं म्हणणं, लढाईत पडलेला हा वीर म्हणजे त्यांचाच खापरपणजा. खाडीकाठच्या गावातून मीठ घेऊन फौजेबरोबर गेला आणि परत आला नाही. दादा रोज सकाळी तेलात शेंदूर कालवून दगडाला फासत आणि उरलेलं बोट स्वतःच्या कपाळावर ओढत. दिवसभर तो लाल पट्टा कपाळावर असे. माझ्या मेलेल्या नाकाला पुष्कळ दिवसांनी पहिला वास आला तो त्या तेल-शेंदराचा. मला डोळ्यांत पाणी आलं. दादांना वाटलं, वीराच्या कथेने आलं.

त्यांच्या टेबलावर ‘तोफेचा गोळा’ होता. माळावर सापडलेला. पाहुणे तो उचलून बघत, फोटो काढत. मी पहिल्यांदा हातात घेतला आणि ओळखला. रंग दळण्याच्या गिरणीत असले पोलादी गोळे घालतात. असले गोळे मी आयुष्यभर पाहिले होते. सुलभाने माझ्याकडे पाहिलं, मी गोळा खाली ठेवला आणि म्हटलं, "चांगलाच जड आहे." दादा खूश झाले. त्या दिवशी मी गप्प बसलो. पुढे बसता आलं नाही.

आता चार नंबरच्या खोलीबद्दल. सहांतली ही सगळ्यात चांगली खोली. खिडकीतून माळ दिसे. खाट बुटकी, उशी सावरीच्या कापसाची, कोनाड्यात मिश्रीची डबी. लॉज भरलेलं असलं, माणसं परत जाऊ लागली, तरी दादा ती खोली देत नसत. "बूक हाय," म्हणत. कुणासाठी, ते सांगत नसत. रोज झाडलोट मात्र होई आणि किल्ली दादांच्या कमरेला.

ते एकदा नमूवहिनींनी सुलभाला सांगितलं. खोली काशीबायसाठी होती. काशीबाय म्हणजे दादांची थोरली बहीण, कल्याणला दिलेली. तिने दादांशी बोलणं टाकलं त्याला बारा वर्षं होत आली होती. दर भाऊबीजेला दादा नवा सदरा घालून कल्याणला जातात, तिच्या ओट्यावर बसतात. सून पाणी आणून देते. आतून काशीबायचा आवाज ऐकू येतो, पण ती बाहेर येत नाही. तासाभराने दादा उठतात. "कोरा कपाल घेऊन येतान," वहिनी म्हणाल्या. "त्या दिवशी शेंदूर पन नाय लावत."

का बोलणं टाकलं, ते वहिनींनी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

निवृत्तीनंतर वेळ जाईना म्हणून मी ठाण्याला जुने शिलालेख वाचायच्या संध्याकाळच्या वर्गाला जाऊ लागलो होतो. दोन वर्षं गेलो. प्रमाणपत्र मिळालं आणि ते मी चौकट करून दिवाणखान्यात लावलं. ज्याला स्वतःचं प्रमाणपत्र भिंतीवर लावावंसं वाटतं, त्याच्या हाती कुणी आपला देव देऊ नये.

एका एप्रिलमध्ये सकाळी दादांचा फोन आला. आवाज कापत होता. "सायेब, वीरानं कवच सोरलं."

शेंदराचे थर वर्षानुवर्षं चढत गेले की कधीतरी ते जाडजूड कवच आपोआप सुटून पडतं. देवाचं कवच सुटणं ही मोठी गोष्ट. कुणी त्याला शुभ मानतं, कुणी घाबरतं. दादांनी ते कवच नव्या फडक्यात गुंडाळून नदीत सोडण्यासाठी ठेवलं होतं. "दगरावर अक्षरं हायत," ते म्हणाले. "तुमी या. पनज्याचं नाव वाचाचं हाय."

दुसऱ्या दिवशी मी आणि सुलभा माळावर उभे होतो. दगडाचा वरचा भाग उघडा झाला होता. त्यावर सूर्य, चंद्र, मधे कलश. खाली सात ओळी, झिजलेल्या, पण लागत होत्या. त्याखालचा भाग जमिनीत गेलेला, नारळाच्या करवंट्यांनी आणि मातीने गच्च झालेला. मला पाहताक्षणी कळलं. हा वीरगळ, म्हणजे पडलेल्या वीराच्या स्मरणाचा दगड, नव्हता. लढाई अडीचशे वर्षांपूर्वीची, हा दगड तिच्याहून कितीतरी शतकं आधीचा. आमच्या या कोकणपट्टीत असे दगड जागोजाग आहेत. कुठल्याशा राजाने कुणाला जमीन दान दिली की असा दगड रोवत आणि त्यावर शाप कोरत. वर्गात याला गद्धेगाळ म्हणतात. गाढवाचं चित्र खाली असतं. काय चित्र असतं तेही मला ठाऊक होतं.

दादा हात जोडून उभे होते. "लागतो का नाव?"

अक्षरं झिजली आहेत, वाचता येत नाहीत, एवढं म्हटलं असतं तर काम भागलं असतं. पण जो दगड आजवर कुणी वाचला नाही तो मी वाचतोय, याची मला धुंदी चढली होती. मी म्हणालो, "दादा, हा वीर नाही. हे दानाचं शासन आहे. ही जमीन कुणाला तरी दिलेली होती. आणि जो कोणी ती हिरावून घेईल, त्याला शाप आहे."

"कसली जमीन?"

"इथलीच. शेतजमीन असावी."

"जो हिरावून घील त्याला?"

"हो."

दादांनी ते मला तीनदा म्हणायला लावलं. मग विचारलं, "आनि खालती? मातीत काय हाय?"

इथे मात्र मला लाज वाटली. खालच्या चित्रात एक बाई असते. जमीन हिरावणाऱ्याची आई. शाप त्याला नसतोच, तिला असतो, आणि तो कसा असतो ते सभ्य माणसाने तोंडाने सांगू नये. मी म्हणालो, "खाली काही विशेष नसतं. नक्षी."

दादा तिथेच, दगडासमोर, मातीत बसले. वीर गेला, पणजा गेला, म्हणून बसले असं मला वाटलं. दुपारी जेवायलाही आले नाहीत. चार नंबरच्या दारातल्या पायरीवर बसून राहिले. मी शेजारी जाऊन बसलो, तेव्हा त्यांनी आपण होऊन सांगितलं.

त्यांच्या आईने जाताना सांगितलं होतं, खाडीकडचा खारीचा, म्हणजे खाऱ्या जमिनीतल्या भातशेतीचा, तुकडा काशीला द्या. लावणीला, काढणीला पोर लहानपणापासून तिथेच राबली आहे. पुढे बिल्डर आला. त्याला सगळी जमीन एकसंध हवी होती, खारीच्या तुकड्यासकट. दादांनी भाऊबीज करून घेतली आणि दुसऱ्या दिवशी काशीबायला गाडीत घालून रजिस्टर ऑफिसात नेलं. वारसाची नोंद लावायची आहे, म्हणाले. काशीबायला लिहिता-वाचता येत नाही. तिने मशीनवर अंगठा ठेवला, फोटोला हसली. कागद हक्कसोडीचा होता, म्हणजे बापाच्या जमिनीवर माझा काही हक्क नाही असं तिनेच लिहून दिल्याचा.

"परत येताना गारीत तिनं इचारला," दादा म्हणाले. "खारीचा तुकरा माज्या नावावर चरला ना रं, बाला? मी बोललो, चरला."

 पलीकडे एक धनेश पक्षी पंख वाजवत गेला. नेहमी दादा बोट करून दाखवत, त्या दिवशी मान वर केली नाही.

"पावसाच्या आगुदर ती तुकरा बघाला गेली. भाकरी बांधून. तिकरं जेसीबी व्हता. मना काय बोलली नाय ती. एक शिवी दिली असती तरी चाललं असतं. मी मागितला असता तर बायनं हसत दिला असता तो तुकरा, सायेब. मी मागितलाच नाय."

 संध्याकाळच्या एसटीने आम्ही परत निघालो.  कल्याणला उतरताना सुलभा म्हणाली, "गोळ्याबद्दल गप्प बसलात. दगडाबद्दल बसायला काय झालं होतं तुम्हाला?" 

त्यानंतर दादांनी एक वेडेपणा सुरू केला. लढाईची कथा बंद केली. पाहुण्यांना माळावर नेत, चपला काढायला लावत आणि दगडापुढे उभं करून सांगत, "हा वीर नाय. जो दुसऱ्याची जमीन खातो त्याला हा शाप हाय. मी माज्या बहिनीची खाल्ली." एवढंच सांगून खाली उतरत. सुट्टीला आलेल्या माणसांनी याचं काय करायचं? कुणी हसे, कुणी मुलांना घेऊन बाजूला होई. गावाला राग आला. आमच्या वीराला खोटं पाडलं, म्हणाले. जत्रेला दगडावर पुन्हा शेंदूर चढवायला माणसं आली, तेव्हा दादा आडवे उभे राहिले. पाहुणे कमी होत गेले. नमूवहिनी सुलभाला फोनवर म्हणाल्या, "डोक्यानं खुलावले हायत. तुमच्या सायबांना बोला, येऊन सांगा दुसरा कायतरी लिवलेला हाय." मी गेलो नाही. जायला तोंड नव्हतं.

दिवाळीनंतर चार दिवसांनी दादांचाच फोन आला. "भाऊबीजेला ओट्यावर बसून मी आतल्या आवाजाला सगलं सांगितला. दगरावर माजा गुना लिवलाय बोललो, येऊन बग. काल सुनंनं फोन केला, बाय येते बोलली. पन बोलली, वाचनाऱ्याला बोलव. माज्या तोंडून नको बोलली."

ठरल्या दिवशी मी पोचलो तेव्हा दादा सकाळपासून गावाच्या फाट्यावर उभे होते. अकराच्या एसटीतून एक उंच, वाळकी म्हातारी एकटीच उतरली. लुगड्याचा काष्टा घट्ट, हातात पिशवी. दादा पुढे झाले. ती त्यांच्या अंगावरून पुढे गेली आणि माझ्यासमोर येऊन थांबली. "तू वाचनारा?"

"हो."

"चल."

माळ चढताना ती एकदाही थांबली नाही. मागून दादा, त्यांच्यामागून नमूवहिनी. आम्ही जांभळीखाली पोचलो. दादांनी बहिणीसाठी दगड साफ केला होता. पायाशी हातभर खणून, माती-करवंट्या काढून, पाण्याने धुऊन. बाई आणि गाढव, दोन्ही स्पष्ट दिसत होती. दादांना त्याचा अर्थ लागला नव्हता. जुनं काहीतरी चित्र, एवढंच त्यांना वाटलं होतं.

काशीबायने चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "वाच."

मी वाचू लागलो. राजाचं नाव, दानाची जमीन, चतुःसीमा. आजच्या मराठीत सांगत गेलो. जो कोणी हे दान मोडील, इथपर्यंत आलो आणि थांबलो.

"फुरं?"

"पुढची अक्षरं झिजलीत, मावशी."

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. खोटं बोलणारं तोंड तिने आधी एकदा पाहिलेलं होतं. "सायेब, अंगठा देताना मना कुनी वाचून दाखवला नाय. आज तरी सगला वाच."

मी वाचलं. शक्य तेवढ्या हळू आवाजात, दगडाकडे बघत, शेवटपर्यंत. नमूवहिनींनी पदर तोंडाला लावला.

"ही बाय कोन मंग?" काशीबायने बोटाने दाखवलं.

"त्याची आई. जमीन घेणाऱ्याची. शाप तिला आहे."

"तिला?" मागून दादा म्हणाले. "मना नाय? केला मी, आनि माज्या आयसला?"

"माजी पन आयस तीच हाय," काशीबाय म्हणाली. बारा वर्षांत ती भावाशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

दादा खाली बसले नाहीत, रडले नाहीत. त्यांचे हात नुसते वरखाली होत होते, कुठे ठेवावेत ते कळत नसल्यासारखे. मला तिथून पळून जावंसं वाटलं. मी एप्रिलमध्ये खोटी सभ्यता दाखवली नसती, खाली काय आहे ते तेव्हाच सांगितलं असतं, तर या माणसाने स्वतःच्या हाताने खणून हे बहिणीपुढे मांडलं नसतं.

काशीबाय नमूवहिनींना म्हणाली, "शेंदूर हाय?"

वहिनी धावत खाली गेल्या, वाटी आणि तेल घेऊन आल्या. काशीबायने पिशवी खाली ठेवली, दगडासमोर बसली, तळहातावर शेंदूर कालवला आणि त्या बाईच्या पायांपासून फासायला सुरुवात केली. जाड थर देत, खाचेखाचेत बोट घालत. अंगणातल्या लहान पोराला तेल लावावं तसा तिचा हात चालत होता. पाय झाकले, अंग झाकलं, तोंड झाकलं. गाढव झाकलं. वरच्या अक्षरांपाशी आल्यावर हात थांबला. दादांना वाटलं ती थकली. ते पुढे झाले, "दे बाय, वरचं मी..."

"नको," ती म्हणाली. "वरचा तुजा हाय. तो उघरा ऱ्हाव दे. खालती माजी आयस हाय."

ती उठली. खाली येऊन अंगणातल्या नळाला हात धुतले. दादांनी कमरेची किल्ली काढली, चार नंबरचं दार उघडलं आणि बाजूला उभे राहिले. काशीबायने दारातूनच आत पाहिलं. खाट, उशी, कोनाड्यातली डबी. बराच वेळ पाहिलं. पायरी चढली नाही. वहिनींनी पाण्याचा तांब्या पुढे केला तो मात्र घेतला. उभ्यानेच घटाघटा प्यायली आणि तांब्या दादांच्या हातात दिला. मग दोनच्या एसटीने निघून गेली. दादा रिकामा तांब्या हातात घेऊन फाट्यापर्यंत तिच्यामागे दहा पावलं अंतर ठेवून चालत गेले.

काशीबाय पुन्हा कधी आली नाही.

मी आणखी एकदा गेलो, पुढच्या हिवाळ्यात. दादा खूपच वाळले होते. खोकला होता. वहीत माझ्या आईचं नाव त्यांनी मला न विचारताच लिहिलं, पाठ होतं त्यांना. टेबलावर गोळा नव्हता. मी शोधतोय हे बघून म्हणाले, "गोला पन खोटा ना, सायेब? आता सांगा."

मी सांगितलं. रंगाच्या गिरणीतला आहे, डोंबिवलीला पोत्याने मिळतात.

ते खोकत खोकत हसले. "मना ठाव हाय. मीच आनलाय भंगारवाल्याकरून. तुमी एमआयडीसीतले, तुमाला ठाव असनार, तरी गप बसले. मना तवाच वाटला, मानूस चांगला हाय."

गोळा चार नंबरच्या दाराला टेकण म्हणून लावला होता. दार उघडं. आता ते उघडंच असतं, म्हणाले.

निघायच्या दिवशी पहाटे मला जाग आली म्हणून मी एकटाच माळावर गेलो. धुकं होतं. दादा माझ्याआधीच येऊन दगडापुढे बसले होते. मला त्यांनी पाहिलं नाही, मीही हाक मारली नाही. वाटीत शेंदूर कालवून ते खालच्या अर्ध्या भागाला लावत होते, काशीबायने लावला तसाच, पायांपासून वर. अक्षरांची सगळ्यात खालची ओळ आली तिथे बोट थांबलं. वरच्या सात ओळी ओल्या फडक्याने पुसून त्यांनी लख्ख केल्या. मग बोटाला उरलेला शेंदूर पाहिला, जवळच्या गवताला पुसला, राहिलेला मातीला पुसला आणि वाटी घेऊन उठले.

वळले तेव्हा त्यांचं तोंड मला दिसलं. कपाळ कोरं होतं.